एका तबकडीवरची दोन बिऱ्हाडं

वाटणी हा विषय मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. आपल्या दोन महाकाव्यांपैकी एकात राज्य नको म्हणणारे भाऊ आहेत आणि दुसऱ्यात सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही द्यायला तयार नसलेला भाऊ आहे. सर्वसाधारण कुटुंबात दुसऱ्या ग्रंथाचा अभ्यास जास्त झालेला दिसतो. वाड्याची वाटणी होते, शेताची होते, विहिरीच्या पाण्याची पाळीवार होते, आंब्याच्या झाडाची फांदीवार होते. गणपतीसुद्धा एक वर्ष थोरल्याकडे आणि एक वर्ष धाकट्याकडे बसतो. फक्त तांब्याचा बंब तेवढा वाटता येत नाही, म्हणून तो ज्याच्या वाट्याला जातो त्याच्याशी बाकीचे भाऊ आयुष्यभर बोलत नाहीत.

अशा थोर परंपरेत वाढल्यामुळे, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचीही वाटणी होते हे ऐकून मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की ही वाटणी भांडण झाल्यावर नव्हे, भांडण होऊ नये म्हणून आधीच करतात. आपल्याकडे कुणी असं केल्याचं ऐकिवात नाही.

आता ज्यांना या विषयाची मुळीच ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. (ज्यांना आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा, ते तसंही गाळतात.) कॉम्प्युटर हा एक वाडा समजा. हार्ड डिस्क म्हणजे त्यातली जागा : माजघर, कोठीघर, माळा, सगळं धरून. या वाड्याला एक कारभारी लागतो. कोणतं सामान कुठे ठेवलंय, पाहुण्याला कुठे बसवायचं, दिवा कधी मालवायचा, हे सगळं तो बघतो. या कारभाऱ्याला इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, सरकारी मराठीत कार्यप्रणाली म्हणतात आणि बाकीचे लोक सरसकट ‘विंडोज’ म्हणतात. पण विंडोज हा एक कारभारी झाला. लिनक्स नावाचा दुसरा आहे, शिवाय इतरही होते आणि आहेत. एकाच वाड्यात दोन कारभारी ठेवायचे असतील तर जागेची सरळ वाटणी करून द्यावी लागते. वाटणीच्या प्रत्येक तुकड्याला पार्टिशन म्हणतात. दिवा लावताना म्हणजे मशीन सुरू करताना ‘आज कारभार कुणी बघायचा?’ असं मालकाला विचारण्याच्या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात.

पार्टिशन हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांसमोर मुंबईची दहा बाय बाराची खोली आणि तिच्यातलं प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. अलीकडे नवदांपत्य, पलीकडे सासू-सासरे आणि मधल्या प्लायवूडवर कालनिर्णय. ‘बूट’ शब्दाने आमच्या घरात आणखी घोटाळा केला. माझ्या भाच्याने ‘मामा, तुम्हांला ड्युअल बूट करून देतो’ म्हटल्यावर आतून आवाज आला, ‘‘आधीचे तरी कुठे वापरतात? चपलाच बऱ्या त्यांना.’’ वास्तविक या बुटाचा पायाशी संबंध आहेच. आपल्याच बुटांच्या नाड्या धरून आपणच आपल्याला वर उचलणे, अशी इंग्रजीत एक कल्पना आहे. मशीन झोपेतून उठतं तेव्हा त्याची तीच अवस्था असते. डिस्कवरचा कारभारी उठवायला कारभारी लागतो, आणि तो तर डिस्कवर झोपलेला. हे कोडं कसं सोडवलं, त्याचाच इतिहास सांगायचा आहे. राजवंशांच्या इतिहासात असतं ते सगळं यात आहे : वाटण्या, सरहद्दी, कपट आणि एक खटला. फक्त रक्त सांडत नाही, फायली जातात.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी ती तयार झाली. ती रामॅक नावाच्या यंत्राबरोबर येई. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, वजन सुमारे एक टन आणि सगळ्यात मिळून मावणार ५० लाख अक्षरं. म्हणजे पंधरा हजार अक्षरांचा एक लेख धरला तर जेमतेम सव्वातीनशे लेख. लेखकाच्या दृष्टीने ही जागा पुरेशी आहे आणि वाचकाच्या दृष्टीने जरा जास्तच. पण अशा हत्तीची वाटणी करण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. हत्ती एकाच संस्थानिकाचा असतो.

वाटणीचा प्रश्न निघाला तो हत्ती जाऊन घरोघर सायकली आल्यावर. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी एक सोडून तीन कारभारी सांगितले होते : मायक्रोसॉफ्टकडून घेतलेला डॉस, डिजिटल रिसर्चचा सीपीएम-८६ आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो विद्यापीठात जन्मलेला पी-सिस्टिम. गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीचा घ्यावा. डॉसची किंमत होती ४० डॉलर आणि सीपीएम-८६ची २४०. पसंतीला एवढी मोकळीक दिल्यावर लोकांनी काय पसंत केलं असेल, हे मध्यमवर्गीय वाचकाला सांगायला नको.

त्या दिवसांत घरात वाटणी नव्हती, कारण घरच नव्हतं. कारभारी फ्लॉपीवर राहायचा. फ्लॉपी खोचली की आला, काढली की गेला. मोलकरणींच्या इतिहासातही हाच कालखंड सर्वांत सुखाचा मानला जातो. १९८३च्या मार्चमध्ये मात्र आयबीएमने पीसी-एक्सटी काढला, आणि त्याच्या पोटात १० मेगाबाइटची डिस्क पक्की बसवली. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो त्या डिस्कने पुरे भरतील. पण तेव्हा ती एवढी प्रशस्त वाटली, की ही जागा एकट्याच कारभाऱ्याला देणं अन्यायाचं ठरेल असं करणाऱ्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी तिच्यात चार वाटण्यांची सोय ठेवली. चार वेगळे कारभारी चार खोल्यांत सुखाने नांदावेत, हा हेतू.

ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. पुढे या दारात जी धक्काबुक्की झाली ती पाहता, पायाचा दगड बसवतानाच चार बिऱ्हाडांची तरतूद करणाऱ्या त्या अनामिक माणसांना एक नमस्कार केला पाहिजे.

आता ही वाटणी कागदावर कशी उतरवली ते बघण्यासारखं आहे. डिस्कचा अगदी पहिला तुकडा, ज्याला सेक्टर म्हणतात, तो ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट दार उघडणाऱ्या गड्याचे. त्याचा छोटा प्रोग्रॅम तिथे बसतो. (युनिकोडमध्ये एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत मराठीची दीडशे चिन्हंही मावणार नाहीत. आमच्याकडे नुसत्या लग्नपत्रिकेच्या ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ला आणि खालच्या चिमुकल्यांच्या नावांना याहून जास्त लागतात.) शेवटचे दोन बाइट म्हणजे शिक्का. आणि मधले ६४ बाइट म्हणजे सात-बाराचा उतारा.

हो, सात-बाराच. सोळा सोळा बाइटांच्या चार नोंदी. जमीन कुठून सुरू होते, किती सेक्टर आहे, आणि तिच्यात पीक कोणतं, म्हणजे डॉसचं की आणखी कुणाचं. शिवाय प्रत्येक नोंदीपुढे एक खूण : हा भाग ‘चालू’ आहे की नाही. मशीन उठलं की स्वतःच्या चिपमधल्या जुजबी शहाणपणाने एवढा पहिला सेक्टर वाचतं. तिथला गडी चार नोंदी बघतो, ‘चालू’ खूण कुणापुढे आहे ते पाहून त्या खोलीचं दार वाजवतो, आणि आतला कारभारी डोळे चोळत बाहेर येतो. बुटाच्या नाड्या धरून स्वतःला उचलण्याचं रहस्य ते एवढंच.

सात-बाराचा आणखी एक गुण यात उतरला आहे. उतारा म्हणजे जमीन नव्हे. तलाठ्याने नाव खोडलं म्हणून शेतातला उभा ऊस आडवा होत नाही. तसंच पार्टिशन ‘उडालं’ म्हणून लोक कपाळाला हात लावतात तेव्हा बहुधा सोळा बाइटांची नोंदच गेलेली असते. ऊस जागच्या जागी असतो. टेस्टडिस्क नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम सबंध शेत पायी तुडवून जुने हद्दीचे दगड शोधतो आणि उतारा पुन्हा लिहून देतो. मात्र मधल्या काळात कुणी त्या शेतात नवी पेरणी केली असेल तर त्याचाही इलाज चालत नाही. तलाठ्याचं एक वेळ दुरुस्त होतं. नांगराचं होत नाही.

चार खोल्यांचं कौतुक चार वर्षंच टिकलं. डॉसला एका पार्टिशनमध्ये ३२ मेगाबाइटपेक्षा जास्त जागा सांभाळता येत नसे, आणि डिस्का तर भराभर वाढत चालल्या होत्या. मग एकट्या डॉससाठीच घराचे तुकडे करायची पाळी आली. १९८७च्या डॉस ३.३मध्ये यावर जो तोडगा निघाला तो गिरगावातल्या कुठल्याही चाळमालकाला सुचला असता. चारपैकी एका खोलीला ‘विस्तारित’ म्हणायचं आणि तिच्यात पोटभाडेकरू घालायचे! प्रत्येक पोटभाडेकरूच्या दारावर त्याचा स्वतःचा छोटा उतारा, आणि त्यावर ‘पुढच्या बिऱ्हाडासाठी पलीकडे विचारा’ अशी चिठ्ठी. मधली एक चिठ्ठी फाटली की पुढची सगळी बिऱ्हाडं पत्त्यावरून नाहीशी. चाळीत पोस्टमन बदलला की व्हायचं, तेच.

खरी पंचाईत निराळीच होती. भरल्या घराची वाटणी करायची तर आधी सगळं सामान रस्त्यावर काढायचं, घर पाडायचं, दोन घरं बांधायची आणि सामान पुन्हा आत भरायचं. आमच्यासारख्यांना दिवाळीची साफसफाईदेखील जमत नाही. म्हणून १९९३च्या सुमारास आर्नो शेफर यांचा फिप्स नावाचा प्रोग्रॅम आला तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. घर न पाडता मोकळी बाजू कापून वेगळी करायची, अशी त्याची युक्ती. अट एकच : आधी सगळं सामान एका कडेला सारून घ्यायचं. कारण डिस्कवर फायलींचे तुकडे विखुरलेले असतात. एक ओसरीवर, एक माळ्यावर.

इथे मुंबई प्रांताचा १९४७चा तुकडेबंदी कायदा आठवल्याशिवाय राहवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेतांची फडकी झाली, तेव्हा आणखी तुकडे पाडू नयेत आणि असलेले जोडावेत म्हणून तो केला होता. फायलींसाठी हेच काम डीफ्रॅग नावाचे प्रोग्रॅम करीत. पडद्यावर रंगीत चौकोन एका कडेला सरकताना तासन्‌तास बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सरकारी एकत्रीकरणाच्या मानाने त्याचा वेग डोळ्यांत भरण्यासारखा होता. पण तिथेही एखादी फाइल अगदी शेवटच्या बांधावर ठाण मांडून बसायची आणि काही केल्या हलायची नाही. तिच्यापुढे वाटणी थांबायची. प्रत्येक गावात असा एक म्हातारा असतोच.

वाटणीच्या इतिहासातला सर्वांत भाग्यवान अपघात मात्र फिनलंडात झाला. १९९१च्या जानेवारीत हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने नवा पीसी घेतला. त्यावर डॉस होताच. शेजारी त्याने मिनिक्स आणून बसवला. मिनिक्स हा ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ साली तयार केलेला कारभारी. त्याच्यावर काम करता करता लिनसने स्वतःचा नवा कारभारी घडवायला घेतला. पण तो अजून रांगत होता, त्यामुळे मुक्काम मिनिक्सच्याच बिऱ्हाडात. एक दिवस विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला फोन लावताना त्याने मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कचंच नाव दिलं. डिस्कने तो फोन आज्ञाधारकपणे ‘घेतला’. म्हणजे नंबर फिरवण्याच्या आज्ञा मिनिक्सच्या पार्टिशनवर उमटल्या, आणि बिऱ्हाड बसलं. मिनिक्स पुन्हा बसवता आला असता. पण त्याने ठरवलं, की आता आपल्याच कारभाऱ्यावर राहायचं. ही हकीगत त्याने स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. लिनक्सचं बिऱ्हाड मांडलं गेलं त्यात एका राँग नंबरचा हात आहे, हे दूरध्वनीच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवावं.

लिनक्स आला तसा ‘आज कोण?’ हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. तो विचारण्याचं काम करणारा व्हेर्नर आल्मेसबर्गर यांचा प्रोग्रॅम १९९२ साली आला, त्याचं नाव लिलो. सुरू होताना तो आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून पडद्यावर काढी. मध्ये काही बिनसलं तर ‘एल-आय’ एवढं म्हणून गप्प होई. नाव सांगता सांगता शुद्ध हरपणारा असा दुसरा प्रोग्रॅम माझ्या माहितीत नाही. त्याचा दोष बहुधा नसे. मशीनच्या जुन्या शहाणपणाला पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं, म्हणजे डिस्कच्या एका ठरावीक अंतरापलीकडचं, दिसतच नसे. कारभारी त्यापलीकडे झोपला असेल तर तो हाकेला ओ देत नसे. म्हणून त्याची पथारी पुढच्या दाराशी घालावी लागे. पुढे १९९५ साली एरिक बोलिन यांनी ग्रब लिहायला घेतला. तो स्वतः घरात शिरून फायली वाचू शकतो, आणि पुष्कळशा लिनक्स-घरांच्या दाराशी अजून तोच उभा असतो.

इथपर्यंतचा इतिहास जागेचा झाला. पण खरं भांडण जागेवरून झालंच नाही; ते दारावरून झालं. आपल्या चाळींतही खोलीच्या मापावरून जेवढे खटके उडाले नाहीत तेवढे सार्वजनिक दाराच्या कडीवरून उडाले असतील. डिस्क कितीही वाटा, पहिला सेक्टर एकच असतो. तिथे ज्याचा गडी उभा, तो म्हणेल ती पूर्व दिशा. विंडोज ९५, ९८, एक्सपी ही मंडळी घरात आली की पहिलं काम दारातल्या जुन्या गड्याला घालवून स्वतःचा उभा करण्याचं करीत. तेही न विचारता. लिनक्स आत खोलीत धडधाकट असे, पण त्याला हाक मारायला कुणी उरत नसे. तेव्हापासून एक व्यवहारज्ञान रूढ झालं : विंडोज आधी बसवावा, लिनक्स मागाहून. पंगतीत मानाच्या जावयाला आधी वाढून घेतलं की बाकीचं कार्य बिनबोभाट पार पडतं.

हा झाला घरगुती मानापमान. पण १९९८-९९च्या सुमारास याच दाराने एका कंपनीचं नशीब अडवलं. ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी बीओएस नावाचा एक चपळ कारभारी तयार केला होता. हिताचीने जपानात फ्लोरा प्रियस नावाच्या पीसीवर तो विंडोज ९८च्या शेजारी घालून विकायला काढला. पण गिऱ्हाइकाने मशीन सुरू केलं की विंडोजच उठे. बीओएस डिस्कवर होता, मात्र ‘आज कोण?’ हा प्रश्न विचारणारी यादी पडद्यावर नव्हती. घेणाऱ्याने माहितीपत्रक वाचून, खटपट करून त्याला जागं करायचं. बी कंपनीची तक्रार अशी, की विंडोजच्या परवान्यातल्या अटींमुळे पीसी बनवणाऱ्यांना ती यादी दाखवता येत नाही. दुकानात दिसेल असा पहिल्या पडद्यावर ठेवा, मी तुम्हांला फुकट देतो, असं गासेंनी १९९९मध्ये जाहीर सांगितलं. तरी दार उघडलं नाही. २००१ साली बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीला १ कोटी १० लाख डॉलरांना विकली गेली. फेब्रुवारी २००२मध्ये बी कंपनीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि सप्टेंबर २००३मध्ये तो २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरांवर मिटला. मायक्रोसॉफ्टने काही चुकल्याची कबुली दिली नाही. म्हणजे अख्ख्या बिऱ्हाडाला जी किंमत आली तिच्या दुप्पट रक्कम दाराच्या कज्जात मिळाली. पण ती मिळाली तेव्हा बिऱ्हाड उठून गेलेलं होतं. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवीन काही दिसणार नाही. फक्त दीड वर्षात निकाल लागला हे अद्भुत वाटेल.

दोन कारभारी एका घरात राहतात तेव्हा एक जागा असताना दुसरा गाढ झोपलेला असतो, ही या संसाराची मोठी सोय. त्यांचं समोरासमोर भांडण कधी होत नाही. जे होतं ते मागे ठेवलेल्या वस्तूंवरून. उदाहरणार्थ घड्याळ. मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं. विंडोज मुळात समजतो, ते स्थानिक वेळ दाखवतं. लिनक्स समजतो, ते जागतिक प्रमाणवेळ दाखवतं. लंडनमध्ये हिवाळ्यात दोघांचं छान जमतं. भारतात साडेपाच तासांचा फरक पडतो. सकाळी दहाला विंडोज बंद करून लिनक्स उठवावा तर तो म्हणतो दुपारचे साडेतीन. मग तो इंटरनेटवर विचारून घड्याळ आपल्या समजुतीप्रमाणे ‘दुरुस्त’ करतो, आणि पुन्हा विंडोज उठवावा तर तो म्हणतो पहाटेचे साडेचार. आमच्या घरी हा प्रकार भाच्याने एका आज्ञेत मिटवला. पण त्याआधीचे दोन दिवस चहाच्या वेळेबाबत मी यंत्राचा आधार घेऊन पाहिला होता. स्वयंपाकघराने कुठलीच प्रमाणवेळ मान्य केली नाही.

दुसरं, शेजाऱ्याच्या खोलीबद्दलची समजूत. लिनक्सला विंडोजच्या खोलीतलं सगळं वाचता येतं. विंडोजला मात्र लिनक्सची खोली आपणहून वाचता येत नाही, आणि डोळ्यांसमोर आलीच तर तो नम्रपणे विचारतो, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? म्हणजे, ‘शेजारी कुणी राहत नाहीसं दिसतं, पाडून घेऊ का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं, एवढं एक वाक्य भाच्याने कागदावर लिहून पडद्याच्या वर चिकटवून ठेवलंय.

मग एवढा खटाटोप मी का करावा, असं कुणीही विचारील. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. शिवाय आता त्याची गरजही फारशी राहिलेली नाही, असं जाणकार म्हणतात. चार नोंदींचा जुना उतारा दोन टेराबाइटपलीकडची जमीन मोजू शकत नसे. त्याच्या जागी १२८ नोंदींचा नवा आला. २०१२पासून विंडोज ८च्या मशीनांवर दारातल्या गड्याचं ओळखपत्र तपासायची पद्धत सुरू झाली, आणि लिनक्सवाल्यांना त्या ओळखपत्रावर मायक्रोसॉफ्टचाच शिक्का मारून आणावा लागला. ॲपलने २००६ साली आपल्या घरात विंडोजला अधिकृत खोली दिली आणि २०२०पासून निघालेल्या स्वतःच्या चिपच्या मशीनांत ती बंद केली. आणि २०१६ साली खुद्द मायक्रोसॉफ्टनेच विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय केली. पिढ्यान्‌पिढ्यांचे भाऊबंद एका ताटात जेवू लागल्यावर मधली भिंत कशाला, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

माझं कारण साधं आहे. युनिकोड घरोघर पोचण्याआधी मराठी लिहायची ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत. त्यांत ‘क’ हा खरा ‘क’ नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराने ‘क’चा मुखवटा घातलेला असे. मुखवटा उतरला की खाली सगळी इंग्रजी भुताटकी. माझ्या वडिलांनी ऐंशीव्या वर्षी आठवणी सांगितल्या आणि मी त्या अशाच एका फाँटात टंकल्या. तो फाँट ज्या प्रोग्रॅमात चालतो तो जुन्या विंडोजवरच चालतो. रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत, मी वापरून पाहिले. पण त्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत. रूपांतरात ती कधी कधी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि रफार तर सरळ गाव सोडून जातो. ‘वर्षश्राद्ध’ हा शब्द बाहेर आला तेव्हा त्यात श्राद्ध राहिलं होतं, वर्ष ओळखू येत नव्हतं. तेव्हा एक एक पान जुन्या बिऱ्हाडात उघडून वाचायचं, आणि नव्या बिऱ्हाडात हाताने पुन्हा लिहायचं, असं माझं चाललंय. रोज दोन पानं होतात. दोनशे चाळीस पानं आहेत.

म्हणून रोज सकाळी मी मशीन सुरू करतो. काळ्या पडद्यावर दोन नावांची यादी येते, आणि खाली आकडा दहापासून उतरत जातो. तेवढ्या वेळात काही निवडलं नाही तर यंत्र आपल्या मनाने एकाला उठवतं. तेवढे दहा सेकंद ते मशीन ना या कंपनीचं असतं, ना त्या मंडळाचं. १९८३ साली कुणीतरी चार बिऱ्हाडांची जागा आखून ठेवली आणि नंतर पुष्कळांनी ते दार उघडं राहावं म्हणून खटपट केली, ती याच दहा सेकंदांसाठी. आकडा सातावर आला की मी खालचा बाण दाबतो आणि जुन्या बिऱ्हाडाला उठवतो. वडील सध्या १९४२च्या पावसाळ्यात आहेत, आणि नदीला पूर आलेला आहे. पुढे काय झालं ते मला माहीत आहे. पण ‘र्’चा रफार सांभाळून लिहायचं तर सावकाशच जावं लागतं.